बिनहाकेची दोरी

पात्रस,

फादर म्हणाले, "तोमसजी, पात्रसबद्दल चार ओळी लिहून द्या, त्याले जाऊन महिना होते, त्या मिस्साले चॅपलात वाचून दाखवू." मी म्हटलं, त्याच्याबद्दल दुसऱ्यायले कायले सांगू? लिहीन तं त्यालेच लिहीन. फादर हसले. त्यायले वाटलं, म्हातारा गंमत करून राहिला. मी गंमत करून नाही राहिलो. तुझा जन्म कधीचा, नोकरी कधी लागली, लेकरं किती, हे तुझ्या पोरानं फोटोखाली छापलंच आहे. मले तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं टाकून तू निघून गेला. अशी सवय तुले नव्हती.

माझं अक्षर तुले माहीत आहे. शाळा लहानपणीच सुटली. त्यानंतर हातात पेन्सिल कमी अन् लोखंडी सब्बल जास्त राहिली. जिथं वाचता येणार नाही तिथं अंदाजानं समजून घे. तू तसाही माझं अर्धंच ऐकायचा अन् उरलेलं मनानं भरायचा.

आताच्या पोरायनं गँग पाहिली नाही, म्हणून सांगून ठेवतो. दरेकशाच्या बोगद्याच्या अलीकडं-पलीकडं आपली रेल्वेची गँग काम करायची. रूळ उचलायचा असला का चिमटे लावून दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत. एका रांगेत मी, बरोबर समोर तू. हाक माझी. मी म्हणायचो, "साहब का चष्मा!" सारी गँग म्हणे, "हप्!" अन् त्या हप् वर रूळ जमिनीवरून सुटे. "मेमसाब का छाता!" "हप्!" अन् रूळ एक पाऊल पुढं. हाकेत काहीही चालायचं, गँगमधल्या डोमाच्या सासूचं नाव बी चालायचं. पण हप् एका जीवानं यायला पाहिजे. एकाचा हप् मागं राहिला तं समोरच्याचा पाय गेलाच. माझ्या हाकेखाली कोणाचं बोट बी चेपलं नाही. याचा मले गर्व आहे. गर्व पाप आहे असं फादर सांगतात. असू दे.

एक गोष्ट तुले कधी बोललो नाही, आता बोलतो. तू हप् म्हणायचाच नाही. निस्ते ओठ हलवायचा. मले समोरून सारं दिसायचं. तरी तुझा चिमटा कधी मागं नाही पडला. कसा नाही पडला, हे मले तवा समजलं नाही, अन् इचारायचं तं मी कशाले इचारीन?

मंग मागच्या उपवासकाळात ती वसईकडची सिस्टर आली, जुनं लॅटिन गायन शिकवायले. मोहाची फुलं गळून राहिली होती. बाया सकाळी मोह वेचायले जंगलात जायच्या, म्हणून शिकवणी उन्हं वर आल्यावर ठेवली. गोंदियाहून लोक आले, तिरोड्याच्या पावर प्लांटमधली मल्याळी कुटुंबं आली, अन् आपली सारी पेन्शनर गँग आली. डोमा बी आला. डोमा गोंड माणूस, त्याचा बडादेव येगळा. पण गँग चॅपलात बसली तं तो काय बाहेर बसल? "मी जेवणासाठी आलो," असं तो सिस्टरले तोंडावर सांगे. अन् सगळ्यात पुढच्या बाकावर बसे.

सिस्टरनं दोन रांगा केल्या, समोरासमोर. मी इकडं, तू तिकडं. मले बरं वाटलं. म्हटलं, चला, हे तं आपलंच काम आहे. मंग तिनं कागद वाटले. चार रेघा, अन् त्यावर चौकोनी काळे ठिपके. खाली ते लॅटिन शब्द, आपल्या अक्षरात लिहिलेले. डोमा कागद उलटा करून पाहे अन् म्हणे, "रुळाखालची सिलपाटं टाकली हायेत, पण पटरीचा पत्ता नाही."

सिस्टर म्हणाली, "आजोबा, याला ठेका नाही. हे श्वासावर चालतं." ढोलक नाही, हार्मोनियम नाही, टाळी नाही. मयतीच्या वेळचं एक स्तोत्र तिनं घेतलं. एक ओळ एका रांगेनं म्हणायची, दुसरी ओळ दुसऱ्या रांगेनं. अन् प्रत्येक ओळीच्या मधात एक चांदणी काढलेली. अर्धी ओळ म्हणायची, चांदणीवर थांबायचं, मंग उरलेली अर्धी.

"थांबून काय करायचं?" मी इचारलं.

"काही नाही. फक्त थांबायचं."

तुले आठवते ना पहिल्या दिवशी काय झालं? आपल्या लोकायनं अर्धी ओळ मोठ्या भक्तीनं म्हटली, चांदणी आली, अन् साऱ्या गँगनं एका दमात केलं, "हप्!" खांद्यासकट. बाकं हलली. तिरोड्याची ती मॅडम पदर तोंडात घालून हसली. सिस्टर तं दचकून मागंच सरली. "आजोबा, हे हप् कुठं लिहिलंय?"

डोमा म्हणाला, "लिहिलं नाही बाई, पाठीत आहे."

तू तेवढा एकटा गप्प होता. ओठ बी नाही हलवले.

दुसऱ्या दिवशी हप् कमी झाला. तिसऱ्या दिवशी डोमाचा बी गेला. माझा नाही गेला. मी काही मुद्दाम नाही करत होतो. चांदणी आली का माझे खांदे आपोआप उठत. सिस्टर गोड पोरगी, तिनं मले रागावलं नाही. म्हणाली, "तोमस आजोबा, तिथे कोणी तुमच्याकडून काही मागत नाहीये हो."

मी म्हटलं, "जिथं कोणी काही मागत नाही तिथं मी काऊन बसू?" अन् चप्पल घालून घरी आलो.

उन्हं उतरल्यावर तू आला. खाटेवर बसला.

"काऊन आला?" मी म्हटलं.

"चहा प्यायले."

"साखर नाही."

"मंग भांडायले."

सून आतून हसली. चहा आला. तू बशीत ओतला अन् फुंकत बसला. पहिल्यांदा तं काही बोललाच नाही. तुझी ही खोड मले सगळ्यात जास्त चिडवायची. माणूस भांडायले आला तं भांडावं ना.

"उठून काऊन आला तू?"

"ते लॅटिन मले समजून नाही राहिलं."

"हप् चा अर्थ काय होते, सांग बरं."

मंग खरं ते बोललो. म्हटलं, "हाक थांबली का वजन खाली येते. जलमभर हेच पाहिलं. मले ती रिकामी जागा नाही जमत."

तू बशी खाली ठेवली. म्हणाला, "तोम्या, माझ्या टायमाले हाक नको देऊ."

इथं पुन्हा वाचणाऱ्यायले सांगावं लागते. आपल्या चॅपलमधलं कोणीही गेलं तं पेटी खड्ड्यात आपली गँगच उतरवते. दोन दोऱ्या पेटीखालून, चार माणसं चार टोकायले. अन् हाक माझी. "सोड... धर. सोड... धर." बाकी गावात चार खांदे देतात, आपल्या इथं दोरीची चार टोकं. हे कोणी नेमून नाही दिलं, रेल्वेनं शिकवलेलं काम देवाच्या दारापर्यंत आलं, एवढंच.

"हाक नको तं काय नाच करू?"

"ते स्तोत्र म्हणायचं. अर्ध्या ओळीत दोरी सोडायची, चांदणीवर धरायची. मंग अर्ध्या ओळीत सोडायची."

"पेटी वाकडी होईल."

"नाही होत."

"होते. मी पाहिली आहे."

कोणती पेटी ते तुले माहीत होतं.

सिसिलिया गेली तवा सारे म्हणाले, तोमस, आज तू बाजूले उभा राहा, हाक दुसरा कोणी देईल. मी म्हटलं, माझी बायको आहे, हाक बी माझीच. पहिली सोड-धर नीट झाली. दुसरी झाली. मंग "सोड" म्हटलं अन् पुढचा शब्द आलाच नाही. चार माणसं माझ्या तोंडाकडं पाहत, हातात दोऱ्या सरकत, अन् तिची पेटी डोक्याकडून खाली कलली. आतमध्ये काहीतरी सरकल्याचा आवाज आला. तो आवाज मी कोणाले सांगितला नाही. मी डोळे मिटले. उघडले तं पेटी सरळ होती अन् खाली टेकत होती. कशी सरळ झाली, मी इचारलं नाही.

त्या चहाच्या दिवशी तूच इचारलं, "सिसिलियावयनीची पेटी कोणी सरळ केली?"

"देवानं."

"देवाच्या हातात दोरी नव्हती, बे. माझ्या हातात होती. डोमाच्या होती. तुझी हाक बंद पडली अन् आम्ही सारे चुप झालो. चुप झालो तवा दोरी कुठं ढिली, कुठं कसलेली, हे हातायले समजलं." थोडा खोकला तू. मंग म्हणाला, "हाक चालू राहते तवरक हात तुझं ऐकते. हाक थांबली का दोरीचं ऐकते."

मले राग आला. आज बी आठवलं का येतो. माझ्या साऱ्या जलमाची हाक तू एका बशीच्या चहात बुडवून टाकली. मी म्हटलं, "तू मर तं खरा. मंग पाहू."

तू हसला. चहा संपवला. दारातून वळून म्हणाला, "साखर होती."

शेवटच्या दिवशी मी चॅपलात आलो होतो, पण दाराजवळच बसलो. तोंड उघडलं नाही. तू समोरच्या रांगेतून ओळ सुरू करायचा, अन् चांदणीवर माझ्याकडं पाहायचा. मी बाहेर मोहाच्या झाडाकडं पाहत होतो. पण खांदे माझे प्रत्येक वेळी उठले. ते बी तू पाहिलंच असल.

पाऊसपाण्याचे दिवस गेले, आपण रोज स्टेशनच्या बाकावर तेच भांडत राहिलो. मालगाडी आली का तू वाक्य मधातच सोडायचा. सारे डबे जाईतोवर चुप. गाडी गेली का त्याच शब्दापासून पुढं. मी गाडीच्या आवाजातही ओरडत राहायचो अन् माझं अर्धं कोणाले ऐकूच नाही यायचं. त्यावर बी तू हसायचा.

आता एक तुले माहीत नसलेली गोष्ट. धान पोटऱ्यात आलं तवा मी रानडुकरायच्या राखणीले शेतातल्या माळ्यावर बसायचो. आजूबाजूले कोणी नाही. तिथं मी ते स्तोत्र म्हणायचो. माझ्या रांगेची ओळ म्हणायची, मंग तुझ्या रांगेच्या ओळीएवढं चुप राहायचं, मंग पुन्हा माझी. सारं पाठ झालं, लॅटिन-फिटिन सकट. चांदणीवर हप् व्हायचाच, पण हळू. हे तुले सांगायचं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तं तू जिंकला असता.

मंग तुझा खोकला बसेना. गोंदियाच्या दवाखान्यात तुझ्या नाकात नळी लावली. दम पुरेना म्हणून तू अर्धं वाक्य बोले, थांबे, मंग उरलेलं बोले. अन् मी, माझ्या खोडीनं, मधातच तुझं वाक्य पुरं करून टाको. तू म्हणे, "बाहेर पानी..." मी म्हणे, "हो, पडून राहिलं." तू म्हणे, "पोरानं फोन..." मी म्हणे, "केला होता सकाळी." तुझ्या उशाशी बसलेली मरियमवयनी शेवटी चिडली. "भाऊजी, त्यायले बोलू तं द्या!"

त्या दिवशी निघताना तू माझं मनगट धरलं. चिमटा धरायचा तसं धरलं. म्हणाला, "तोम्या, तू जर..." अन् थांबला.

मी म्हटलं, "हो हो, पाहू नंतर. आधी बरा हो."

तू मनगट सोडलं. डोळे मिटले. मी गाडी पकडायले निघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी वयनीचा फोन आला.

जर काय, पात्रस? तू जर गाशील? तू जर हाक नाही देशील? का तू जर उद्या आला तं बिडी घेऊन ये, एवढंच होतं? तुझं काही सांगता नाही येत.

धान कापून झालं होतं. बांध्यायमध्ये धानाच्या पेंढ्यायचे पुंजणे रचले होते. कब्रस्तानाकडं जाताना लोकायच्या चपलांखाली धानाची सुकी तणस वाजत होती. खड्डा डोमानंच खणला, कोणाले हात लावू दिला नाही. पेटी काठावर ठेवली, दोऱ्या खालून घातल्या. डोक्याकडच्या दोरीले एका टोकाले आज मी. समोरचं टोक तुझं असायचं. तिथं डोमा उभा राहिला. पायाकडं दोन पोरं, नवीन नोकरीवाली.

वयनीनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "भाऊजी, त्यायनं काय सांगितलं ते तुमाले माहीत हाये. पण दोरी तुमच्या हातात हाये. पेटी वाकडी झालेली मले नाही पाहावणार. तुमीच पाहा काय करायचं ते."

लेका, तू मले कुठं आणून उभं केलं! हाक दिली असती तं पेटी सुतासारखी सरळ गेली असती. आवाज माझा आज बी खणखणीत आहे. पण सिसिलियाच्या वेळी बी तो खणखणीतच होता. अन् तू सांगितलं ते नाही केलं असतं, तं उद्यापासून मी स्टेशनच्या बाकावर कोणत्या तोंडानं बसलो असतो?

पोरायले मी म्हटलं, "गाणं चालू तं सोडा. गाणं थांबलं का धरा. मी काही सांगणार नाही." पोरं घाबरली. मी बी.

मी ओळ सुरू केली. मागं चॅपलची माणसं दोन रांगांत उभी होती, माझी रांग माझ्यासंगं आली. दोरी तळहातातून सरकली. पेटी काठाखाली गेली. मंग चांदणी.

पात्रस, खांदे उठले. खरं सांगतो, उठले. पण तोंडातून काही निघालं नाही. अन् त्या जागेत मले दोरी समजली. डोमाच्या बाजूनं थोडी कसलेली होती, माझ्या बाजूनं थोडी ढिली. माझ्या हातानं ती आपोआप घेतली. कोणी कोणाले काही सांगितलं नाही. डोमाचे ओठ निस्ते हलत होते, तुझ्यासारखे. मंग उरलेली अर्धी ओळ.

मंग तुमच्या रांगेची पाळी आली. ती ओळ तू सुरू करायचा. तिथं कोणीच सुरू करेना. सारे एकमेकायकडं पाहत राहिले. तिरोड्याच्या मॅडमनं कागद वर केला, पण आवाज नाही निघाला. पेटी खड्ड्याच्या मधात लटकून, दोऱ्या ताणलेल्या. हाक देऊ देऊ असं माझ्या घशाशी आलं. मी दात दाबून उभा राहिलो. माळ्यावर तुझ्या ओळीएवढं चुप राहायची सवय होती, ती कामाले आली.

मंग डोमानं सूर धरला. शब्द त्याले एक बी येत नाही. निस्ता गुणगुणला, जसा जंगलात गुणगुणतो तसा. पण चाल तुझीच होती, पुढच्या बाकावर बसून ऐकलेली. मंग वयनीनं शब्द घातले. मंग सारी रांग. दोरी पुन्हा सरकली.

असंच ओळीमागं ओळ, तू खाली गेला. कोणी "सोड" म्हटलं नाही, कोणी "धर" म्हटलं नाही. शेवटी दोरी ढिली पडली अन् समजलं, टेकली पेटी. बाकीचे रडत होते. मी वाकून पाहिलं. वरून तं सरळ दिसली.

पण वरून दिसलेलं मी मानत नाही, तुले माहीत आहे. टेकताना डोक्याकडून एक बारीक झटका बसला का, तेवढं मले पक्कं नाही समजलं. माझ्या हाताले लागल्यासारखा वाटला. डोमा म्हणते, नाही. तो तुझ्या बाजूचाच माणूस आहे. खरं फक्त तुलेच माहीत. पाठीले झटका लागला असल तं माझं खरं होतं. नसल लागला तं तुझं. अन् ते "तू जर" च्या पुढचं बी सांगून टाक.

रोज बाकावर येऊन बसतो. मालगाडी आली तरी काही बोलत नाही. सारे डबे जाऊ देतो. तुझी अर्धी ओळ बाकी आहे, म्हण. मी थांबून आहो.